पाकिटावर न छापलेले दिवस

पॅरिसमध्ये ३० मे २०२५ रोजी एतिएन-एमिल बोलिय यांचे वयाच्या ९८ व्या वर्षी निधन झाले. ‘गर्भपाताच्या गोळीचे जनक’ अशी त्यांची ओळख बातम्यांतून करून देण्यात आली. जनकत्व त्यांच्या एकट्याचे नव्हते. आरयू-४८६ हा रेणू १९८० साली रूसेल-उक्लाफ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी घडवला. त्याचा उपयोग कशासाठी होईल हे बोलिय यांनी ओळखले. फ्रान्सने १९८८ मध्ये त्याला मान्यता दिली, भारताने २००२ मध्ये. पुढे २००८ च्या अखेरीस एक गोळी मिफेप्रिस्टोनची आणि चार मायसोप्रोस्टॉलच्या, असे एकत्रित पाकीट येथे मंजूर झाले. औषधाच्या दुकानात त्याला नुसते ‘किट’ म्हणतात.

या किटचा प्रसार किती झाला, हे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकातील अभ्यासाने दाखवले. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे संशोधक त्यात सहभागी होते. २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले, असा तो अंदाज होता. तो बांधताना ज्या सहा राज्यांतील आरोग्यकेंद्रांची पाहणी झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता आणि छत्तीसगडही नव्हते. पण याहून महत्त्वाची उणीव, जी अशा प्रत्येक आकडेवारीत असते, ती निराळीच. गोळी गिळली गेली की मोजणी संपते. स्त्रीची मोजणी तेथून पुढे सुरू होते.

दुर्ग-भिलाई या जोडशहरातील मोहन नगरात एका मराठी घरात ही मोजणी कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. पोलाद कारखान्याच्या ओढीने विदर्भातून आलेली अनेक कुटुंबे या भागात स्थिरावली. त्यांतलेच हे एक. घरात अजून शिवाशीव पाळतात. पाळीचे चार दिवस देवघरापासून दूर राहायचे, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचे. दोन मुले असलेल्या सुनेला तिसऱ्यांदा दिवस राहिले. नवऱ्याने मेडिकलमधून चिठ्ठीविना किट आणले आणि दोघांनी ते सासूपासून लपवले. पाळी आली, एवढेच तिने घरात सांगितले. पाचव्या दिवशी ती न्हाली. सहाव्या दिवशीही अंगावरून जातच होते, नवव्या दिवशीही, आणि ते सांगायची सोय उरली नव्हती. ती देवापुढे दिवा लावत राहिली आणि मनातून धास्तावत राहिली: शिवाशिवीने थोडी, रक्ताने अधिक.

तिला कोणी सांगितले नव्हते की ही पाळी नव्हेच. गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवण्याचे काम प्रोजेस्टेरॉन करते. मिफेप्रिस्टोन त्याची ग्राहीस्थाने अडवते, अस्तर सुटू लागते. मायसोप्रोस्टॉल गर्भाशयाला आकुंचन आणते. गर्भधारणेसाठी तयार झालेले अस्तर नेहमीपेक्षा जाड आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असते, त्यामुळे ते चार दिवसांत आवरत नाही. पहिले एक-दोन दिवस गाठींसह जोराचा स्राव होतो, मग तो ओसरत जातो. सरासरी ९ ते १६ दिवस रक्त किंवा डाग दिसतात. शंभरातील सुमारे आठ जणींना महिनाभर किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे तिचा नववा दिवस अगदी सर्वसाधारण होता.

धोका ओळखायचा तो दिवसांवरून कमी आणि वेगावरून अधिक. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील आणि सलग दोन तास तसेच चालले, तर वाट पाहायची नसते, रुग्णालय गाठायचे असते. चोवीस तासांहून अधिक टिकणारा ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, घेरी, पोटात एका बाजूला तीव्र कळ यांनाही तोच नियम. गर्भ नलिकेत असेल तर ही गोळी त्याचे काहीच करत नाही, आणि चारही मायसोप्रोस्टॉल घेऊन दिवस उलटला तरी रक्तच न येणे हेही तपासणीचेच कारण असते. रक्त चढवावे लागणाऱ्या स्त्रिया शेकडा एकीपेक्षाही कमी असतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातल्या ६०.८ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. जिथे साठा मुळातच अपुरा, तिथे गोळीआधी हिमोग्लोबिन पाहणे ही औपचारिकता ठरत नाही.

बाराव्या दिवशी तिने गर्भचाचणीची पट्टी वापरली. दोन रेषा उमटल्या. दुसरे किट आणण्याचे नवऱ्याने ठरवले.

येथे साधे गणित कामी येते. पट्टीला एचसीजी संप्रेरकाचे २५ एकक पुरतात. सातव्या-आठव्या आठवड्यात रक्तात ते पन्नास हजारांच्या घरात असू शकते. पन्नास हजारांचे पंचवीस व्हायला ते अकरा वेळा निम्मे व्हावे लागते. शिवाय हे निम्मे होणे पुढे पुढे मंदावते. म्हणून गर्भपात पूर्ण झाल्यावरही तीन-चार आठवडे पट्टी ‘होय’ म्हणू शकते. राजस्थानात सातशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत म्हणूनच मुद्दाम कमी संवेदनशील पट्टी आणि चित्रांचा कागद घरी दिला होता. घरी स्वतः तपासणाऱ्या स्त्रियांचे निष्कर्ष दवाखान्यात परत येणाऱ्यांच्या तोडीचे निघाले. चित्रांचा एक कागद! आपल्या किटमधली माहिती मात्र मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असते.

दुसरे किट घेण्याआधी ती एका शेजारणीसोबत सरकारी रुग्णालयात गेली. नवऱ्याची सही लागेल म्हणून ती इतके दिवस थांबली होती. वस्तुतः सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती १९७१ च्या कायद्यापासूनच पुरेशी आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन अधिक कडक केले. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले. हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

डॉक्टरांनी तिला विचारले ते पुढचे. पाळी चार ते सहा आठवड्यांनी येईल, पहिली एक-दोन कमी-जास्त होतील. पण बीजमोचन पाळीच्या आधी होते. गोळ्यांनंतरच्या बीजमोचनाचा मागोवा घेणाऱ्या २०११ च्या अभ्यासात ते सरासरी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आढळले, आणि लवकरात लवकर आठव्या दिवशी. म्हणजे डाग थांबण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. ‘एक पाळी येऊन जाऊ दे, मग बघू’ हा घरोघरचा सल्ला नेमका येथे फसतो.

तिने ‘छाया’ निवडली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ही बिनसंप्रेरकी गोळी सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिने काही जणींची पाळी लांबते. डॉक्टरांनी ते केसपेपरच्या मागे हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिले, म्हणजे पुढच्या महिन्यात तारीख पुढे गेली तर घाबरून ती पुन्हा मेडिकलच्या पायरीवर उभी राहणार नाही.