दादांच्या रेकॉर्डी आणि एक लहानशी डबी

३१ जुलै जवळ आली की माझी माय बेचैन होते. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी दरवर्षी आपला समाज तिथे जमतो, भीमगीते होतात. आम्ही शिरपूरहून एस.टी.ने जायचो. आता मायचे गुडघे साथ देत नाहीत. मागच्या पावसाळ्यात ती म्हणाली, "तुना बापन्या रेकॉर्डी तरी लाव रे भाऊ!"

दादा सूतगिरणीत कामगार होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी वीस-बावीस रेकॉर्डी जमवल्या. त्यांत प्रल्हाद शिंदे यांची एक लहान, ४५ च्या वेगाची रेकॉर्ड मायची सर्वांत लाडकी. चौदा एप्रिलला वस्तीत ती हमखास वाजायची. प्लेअर केव्हाच मोडीत गेला. पण रेकॉर्डी दादांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या.

मुंबईच्या चोरबाजारातून मी एक जुना प्लेअर आणला आणि घरच्या टेपला जोडला. आवाज कसला, भिंतीपलीकडे डास गुणगुणावा तसा! ना ढोलकीची थाप, ना गळ्यातला भार. माय खिन्न होऊन म्हणाली, "हाऊ प्रल्हाद शिंदेना आवाज नही." एका दुकानदाराने सांगितले, "मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, वीस हजार लागतील." मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर. मी गप्प घरी आलो. रेकॉर्डीच गेल्या असतील, असेही मनात आले.

शेवटी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने उलगडा केला. प्लेअरच्या पिनेमागे बारीक चुंबक असेल, तर तिथून निघणारा विजेचा दाब फारच क्षीण असतो, चार-पाच मिलिव्होल्टचा. टेपला त्याच्या शंभरपट लागतो. शिवाय रेकॉर्ड तयार करताना खर्जाचे सूर मुद्दाम बारीक करतात, नाहीतर खाचा रुंद होऊन गाणे मावणार नाही. बारीक सूर मुद्दाम मोठे करतात, म्हणजे वाजवताना खरखर दबते. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत याचे एक माप ठरले आणि पुढे ते जगभर चालू झाले. त्याला आर.आय.ए.ए. म्हणतात. हे सूर पुन्हा जागच्या जागी बसवून आवाज वाढवणारी डबी म्हणजे फोनो प्रीअ‍ॅम्प. नुसता अ‍ॅम्प्लिफायर मोठा केला, तर डासच मोठा होतो!

बंधू-भगिनींनो, खिशात हात घालण्याआधी तीन गोष्टी पाहा. तुमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे 'फोनो' लिहिलेली जागा असेल, तर ही डबी त्यातच आहे. काही नव्या प्लेअरमध्येही ती आतच बसवलेली असते. आणि पूर्वीच्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक पिन असते. तिचा विजेचा दाब मुळातच मोठा, तिला डबी लागत नाही. एकावर एक दोन डब्या तर कधीच जोडू नका, आवाज फाटतो.

घ्यावीच लागली, तर 'एम.एम.' लिहिलेली साधी डबी पुरते. 'एम.सी.'ची सोय महाग असते, आपल्या साध्या पिनेला ती नको. अर्थिंगच्या वायरसाठी स्क्रू आहे का, तेवढे पाहा. तो नसला तर गाण्यामागे सतत घूं घूं चालते. डबी अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा. आणि पिन झिजली असेल तर आधी पिन बदला. झिजलेली पिन खाचा खरवडते, मग डबी सोन्याची असून काय उपयोग? ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डींना मात्र जाड टोकाची वेगळी पिन लागते.

बेरिंजर कंपनीची पीपी ४०० नावाची तळहातावर मावेल एवढी डबी मी घेतली. दुकानदाराने सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शातही भागले. रविवारी सकाळी जोडली. पिन टेकली, क्षणभर खरखर झाली आणि ढोलकी अशी कडाडली की शेजारची पोरे दारात आली. माय भिंतीला टेकून बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "आते वना!"

दादा गेले, २००४ साली प्रल्हाद शिंदेही गेले. पण त्यांचा आवाज आमच्या पेटीत सुखरूप होता. म्हणून सांगतो, वडिलांच्या रेकॉर्डी वाजत नाहीत म्हणून भंगारवाल्याला किलोने देऊ नका. आपल्या गायकांनी पदरमोड करून, गावोगाव फिरून गाइलेले ते गाणे आहे. ते मुके झालेले नाही. आधी कुणा जाणत्याला दाखवा, कदाचित एका डबीचीच उणीव असेल.