रात्री आठचा घोळ

कारंज्याला घरी राहून पुण्याची नोकरी टिकवायची, तर नेट हवंच! पण रोज रात्री आठला, ऐन मीटिंगमध्ये, स्पीड ४० एमबीपीएसवरून ४ वर. कंपनीला फोन, राउटर बंद-चालू, सगळं झालं. बॉस विचारू लागला, 'पुण्यात कधी येतोस?' आजारी बाबांना सोडून?

शेवटी आठलाच लॅपटॉपला थेट वायर जोडली. पूर्ण ४०! म्हणजे लाइन ठीक, लोचा वाय-फायचा. तेवढ्यात किचनमध्ये 'टिंग' वाजलं आणि वाय-फायही ताळ्यावर! आई बाबांचं जेवण एकेक वाटी मायक्रोवेव्हमध्ये तापवते. दोघांच्याही लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. ५ गिगाहर्ट्झ लावून पाहिलं, पण आमच्या जाड भिंतींपुढे ते गार. मग वायरच ओढली, ओसरीपासून खोलीपर्यंत.

'काहून रे, आता तापवू नोको का?' आई.

'तापव गं, बिनधास्त!'