रॉटरडॅमचा डोंगर



गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता भाचीकडे रॉटरडॅमला आठ दिवस राहून आलो. कोकणात वाढलेल्या माणसाला डोंगर दिसला नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि इथे तर सगळं सपाट. शहराजवळच एक जागा समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली आहे. नेदरलँड्समधली सर्वांत सखल जागा तीच म्हणे!

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या. भाचीने डॉक्टरकडे नेलं, प्रवासाच्या विम्याचे कागद दाखवले आणि अर्ध्या तासात गोळ्या हातात. आम्ही म्हटलं, "वा, किती सोपं!" ती म्हणाली, "मामा, तुमच्याकडे कागद होते म्हणून. ज्यांच्याकडे नाहीत त्यांचं काय?"

मग तिने आम्हाला स्टेशनापासून जवळच असलेलं पाउलुसकेर्क दाखवलं. हे चर्च आहे. २०१३ साली उघडलेली ही नवी इमारत तांब्याच्या रंगाची आणि वाकड्यातिकड्या भिंतींची आहे. बेघर लोक तिथे येऊन बसतात. त्यांच्यासाठी आणि विमा नसलेल्यांसाठी तिथे डॉक्टर मोफत तपासतात. हे काम स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं.

आपल्याकडे इस्राएलमध्ये जसं कुपात खोलीमचं कार्ड, तसा तिथे आरोग्यविमा. पण १९९८ च्या कायद्यापासून राहण्याचा परवाना नसलेल्याला तो काढता येत नाही. गरजेचे उपचार मात्र नाकारायचे नाहीत, आणि डॉक्टरचा बुडालेला बराचसा खर्च सरकार भरून देतं. २०१४ पासून अशा रुग्णाकडून औषधाच्या दुकानात दर औषधामागे ५ युरो घेऊ लागले. कायद्याने दार उघडं आहे, पण पकडून परत पाठवतील या भीतीने माणूस दुखणं अंगावर काढतो. म्हणून जिथे कागद विचारत नाहीत, अशी जागा लागते.

तेव्हा आम्हाला मेळघाटची आठवण झाली. तिथल्या बैरागड गावी डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी एक-दोन रुपये फी घेऊन वर्षानुवर्षं कोरकू आदिवासींना तपासलं. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. सुरुवातीला त्या गावी पोचायला कित्येक मैल पायी चालावं लागे. तिथे रुग्णाच्या वाटेत खराखुरा डोंगर. रॉटरडॅमला डोंगर नाही, पण कागदाचा डोंगर आहेच.

दुसऱ्या दिवशी भाची आम्हाला नदीपलीकडे घेऊन गेली. तिथे बंदरातलं 'लोड्स २४' नावाचं गोदाम होतं. १९४२ च्या जुलैपासून नाझींनी रॉटरडॅमच्या यहुदी लोकांना तिथे गोळा करून गाड्यांत भरलं. आज तिथे बालकांचं स्मारक आहे. त्यावर ६८६ मुलांची नावं आणि वयं आहेत. कुणी दोन वर्षांचं, कुणी नऊ. २६ फेब्रुवारी १९४३ ला तर या शहरातलं यहुदी इस्पितळ, वृद्धाश्रम आणि अनाथालय रिकामं केलं. आजाऱ्यांनासुद्धा बिछान्यातून उठवून नेलं. त्या दिवशीही कागदच बघितले होते. कागदावर 'यहुदी' लिहिलेलं होतं एवढंच पुरलं.

आम्ही बराच वेळ बोललो नाही. परत येताना भाची म्हणाली, "मामा, त्याच शहरात आज कागद न बघता नाडी बघणारे डॉक्टर आहेत." आम्हाला पिकुआख नेफेश आठवलं. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथसुद्धा बाजूला ठेवायचा, असं आपली तोराह शिकवते. मग एका कागदाचं काय?

मुलांनो, नवगावची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे ना? आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका किनाऱ्याला लागल्या, असं आपले वडीलधारे सांगत आले. त्यांच्याकडे कसले कागद असणार? तरी कोकणातल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, म्हणून आज आपण आहोत.

आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावी आजाऱ्याला कोण बघायचं, आणि पैसे नसले तर काय म्हणायचं. जे सांगतील ते लिहून ठेवा.