नळी आतून बघ

वॉसॉ, विस्कॉन्सिन
१४ सप्टेंबर

चि. ओंकार यास,


परवा ताईचा फोन आला होता. "पोरगा बंदूक घ्यायची म्हणतोय, तूच सांग त्याला काहीतरी," म्हणाली. तिचा जीव घाबरा होणं साहजिक आहे. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार म्हणजे गुन्हा, आणि बंदूक म्हणजे आप्पांच्या खांद्यावरची पोलिसातली थ्री नॉट थ्री, एवढंच तिने पाहिलंय. मी तिला सांगितलं, इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा हंगाम सुरू होतो, नऊ दिवस चालतो, पाच लाखांवर माणसं नारिंगी जाकिटं घालून रानात जातात आणि मांस फ्रीझरमध्ये भरून वर्षभर पुरवतात. तिला पटलं असं नाही. पण तू शिकार-सुरक्षेचा कोर्स पूर्ण केलास हे ऐकून जरा निवली.

आता तुझा प्रश्न. दुकानदाराने नवी कोरी रायफल दुर्बिणीसकट हजार-बाराशे डॉलरला दाखवली, ती घ्यावी का? घेऊ नकोस. वापरलेली घे, आणि साडेतीनशे-चारशेच्या वर जाऊ नकोस.

यात कंजूषपणा नाही. इथला शेतकरी आपली हरणाची रायफल वर्षातून नऊ दिवस बाहेर काढतो. ती गाडीत आदळते, मचाणाच्या शिडीला घासते, बर्फात भिजते. पण झाडली किती जाते? वीस काडतुसांचा एक डबा कित्येकांना दोन हंगाम पुरतो. चांगली नळी काही हजार गोळ्या सहज सोसते. म्हणजे चाळीस वर्षं वापरलेल्या रायफलीचं लाकूड म्हातारं झालेलं असतं, नळी मात्र ऐन उमेदीत असते. आणि दुकानात किंमत ठरते ती लाकडावरून.

उलटही घडतं. माझ्या बाबतीत घडलं. पहिली रायफल मी रूपाला भुलून घेतली. नळीला नवा निळसर-काळा मुलामा, दस्त्याला चकचकीत वार्निश. बोल्ट काढून आत बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं, विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. आत गंजाने खड्डे पडले होते, तोंडाची कडा झिजली होती. शंभर यार्डांवर गोळ्या वीतभर फाकायच्या आणि मी समजत होतो, आपला हात कच्चा आहे. त्या नोव्हेंबरात एका मादीवर नेम धरला. गोळी मागे, पोटात लागली. बर्फावरच्या रक्ताच्या थेंबांमागून मी आणि शेजारचे म्हातारबाबा अंधार पडेपर्यंत फिरलो, दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पुन्हा फिरलो. ती सापडली नाही. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच हे पत्र एवढं लांबतंय.

म्हातारबाबांनी नंतर मला रायफल बघायला शिकवलं. ते जसंच्या तसं तुला लिहितो. हातात घेतल्यावर आधी ती रिकामी आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने खात्री कर. दुकानदार हजारदा म्हणाला तरी कर. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढ, मागच्या टोकाशी पांढरा कागद धर, त्यावर विजेरीचा उजेड पाड आणि पुढून बघ. घासलेल्या समईसारखी नळी उजळली पाहिजे. आतल्या खाचा दिसतील, सहसा दहा इंचांत एक पूर्ण पीळ घेत गेलेल्या. त्यांच्या कडा करकरीत हव्यात. काळे ठिपके दिसले तर तेलाची चिंधी फिरवून पुन्हा बघ. मळ असेल तर निघेल, खड्डा असेल तर तिथेच राहील. राहिला तर रायफल परत ठेवून दे, किंमत कितीही उतरवली तरी.

तोंडाच्या कडेवरून कापसाचा बोळा गोल फिरव. धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो, तिथे खोट असेल तर नेम फिरतो. मग दस्ता बघ, विशेषतः जिथे लोखंड संपतं आणि लाकूड मनगटासारखं बारीक होतं ती जागा. धक्क्याने चीर पडते ती तिथेच. वरचे ओरखडे मोजत बसू नकोस. शेवटी, रिकाम्या रायफलीची सेफ्टी लावून चाप दाब, सोड, आणि मग सेफ्टी काढ. आतून टक्‌ आवाज आला तर तिथूनच मागे फीर. पसंत पडली तरी पैसे देण्याआधी एखाद्या बंदूक-मिस्त्रीकडून बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा मापून घे. नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव तू स्वतः वाच.

कोणती घ्यायची? माझं मत विचारशील तर सॅव्हेज ११०. १९५८ पासून निघते ती अजूनही निघते आहे. दिसायला रांगडी, पण नळी एका मोठ्या नटने आवळलेली असते, त्यामुळे पुढेमागे नळी बदलायची झाली तरी काम सोपं. रेमिंग्टन ७८८ मिळाली तर हातात जरूर घेऊन बघ. १९६७ ते १९८३ एवढीच निघाली, स्वस्तातली म्हणून काढली आणि नेमाला महागड्यांच्या तोडीची ठरली. फक्त तिचं मॅगझिन हरवलेलं असेल तर दुसरं शोधताना दमशील. दाट झाडीत बसणार असशील तर मार्लिन ३३६, थर्टी-थर्टीची. तिचं रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडतं, म्हणून वर दुर्बीण बसते. मात्र तू ज्या शेतमालकाच्या जमिनीवर बसणार, ती मोकळी आहे, म्हणून मी म्हणेन सॅव्हेज, .३०८मध्ये. .३०-०६ वाईट नाही, १९०६ पासून चालत आलंय, पण धक्का जास्त, आणि नवशिक्याला धक्क्याची धास्ती बसली की चाप हिसकायची खोड लागते.

जुनी म्हणजे कमी भरवशाची, ही शंका मनातून काढ. आप्पांच्या थ्री नॉट थ्रीचीच बहीण, ली-एनफील्ड, कॅनडाच्या रेंजर्सनी १९४७ पासून अगदी अलीकडेपर्यंत ध्रुवाजवळच्या थंडीत वापरली.

वाचलेले पैसे दुर्बिणीत घाल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणून लोक नावं ठेवतील, ठेवू देत. हरणं फिरतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. स्वस्त काचेतून तेव्हा झुडूप आणि पाठ यांतला फरक कळत नाही. उरतील त्याची काडतुसं घे. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका पेढ्याएवढ्या जागेत पडेपर्यंत सराव कर. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा छोट्या ताटलीएवढी असते, आणि थंडीने बोटं आखडलेली असताना, छाती धडधडत असताना तो पेढा फुगून ताटलीएवढा होतो. तेवढी सफाई हातात आली नाही, तर यंदाचा हंगाम नुसता मचाणावर बसून बघ. पुढच्या वर्षी नऊ दिवस परत येतातच.

कागदपत्रांचं तुला अवघड नाही. व्हिसावर असतास तर आधी शिकारीचा परवाना हातात असावा लागला असता. ग्रीन कार्डावर ती अट नाही. फॉर्म नीट वाचून खरी उत्तरं भर. आणि कुलपाची पेटी रायफलीच्या आधी घरात यायला हवी. काडतुसं वेगळ्या कुलपात. तुझी सई आता चार वर्षांची आहे, तिचा हात खुर्चीवर चढून कुठवर पोचतो ते मी दिवाळीत पाहिलंय.

येत्या शनिवारी सकाळी आठला मी तुझ्या दाराशी असेन. विजेरी, पांढरा कागद आणि चिंध्या मी आणतो. तोवर कुणाला बयाणा देऊ नकोस.

तुझा,
मामा