शून्य पाऊस

पर्जन्यमापकाच्या वहीत शून्य लिहिणं आणि काहीच न लिहिणं, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक्सेलला हा फरक फारसा कळत नाही.

काटोलकडे मामांची संत्र्याची बाग आहे. ते रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहितात. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच. जुलैत आंबिया बहाराची फळगळ झाली. मामेभावाने वही आणि जवळच्या स्वयंचलित केंद्राचे आकडे व्हीलुकअपने शेजारी आणले, तर केंद्राच्या रकान्यात शून्यच शून्य. "केंद्र खोटं बोलून रायलं," म्हणत मामांनी तक्रारअर्ज लिहायला घेतला.

मशीन चुकतं हे नागपूरकरांना सांगायला नको. मे २०२४च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं मग हवामान खात्यानेच सांगितलं. त्यामुळे मामांचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

मी नागपुरातून फाइल उघडली. आधी आयएफएरर काढलं. चूक आली की शून्य दाखव, असं ते सूत्र सांगत होतं. ते काढताच शून्यांच्या जागी #एन/ए उभे राहिले. म्हणजे कोरडे दिवस नव्हतेच, न सापडलेले दिवस होते.

कारण तारखांत होतं. लॅपटॉपची मांडणी अमेरिकन, आधी महिना मग दिवस. केंद्राच्या फाइलमधली १३-०७ त्याला तारीखच वाटेना, कारण तेरावा महिना नसतो. ती नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसली. बारापर्यंतच्या तारखांचं त्याहून वाईट. ०७-०६, म्हणजे ७ जून, त्याने ६ जुलै केली. मामांच्या ६ जुलैच्या पावसासमोर ७ जूनचा कोरडा दिवस! इथे #एन/एसुद्धा येत नाही, म्हणून हा प्रकार मला जास्त घातक वाटतो.

मूळ फाइल पुन्हा आणताना क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगितला. आकडे जुळले, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे. फक्त जुलैतल्या दोन मुसळधार दिवसांसमोर अजूनही शून्य होतं. मूळ फाइलमध्ये ते कप्पे रिकामे होते. रिकामा कप्पा सापडला तरी व्हीलुकअप शून्यच देतं. सूत्रात अट घातली: रिकामं असेल तर रिकामंच ठेव.

मामांना फोन केला.

"म्हणजे केंद्र खोटं नाही बोललं?"

"नाही मामा. दोन दिवस बोललंच नाही."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "त्या दोन तारखा सांग. अर्ज नव्यानं लिहितो."