आचोळ्याहून रातोरात : चाळीस किलोमीटर, चार माणसे

आचोळे हे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असायचे कारण नाही. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला "आचोळे रोड" म्हटले की तो मान हलवतो, इतकेच. गावाचे तळे अजून आहे, बाकी सगळे इमारतींनी भरून गेले. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि आम्ही बसल्या जागी ठाण्याचे पालघरचे झालो. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी आधीही होते, आताही आहे.

या आचोळ्याहून गेल्या जानेवारीत आम्ही चौघे एका शनिवारी रात्री चालत निघालो ते रविवारी सकाळी चालतच परतलो. कल्पना माझ्या दिराची. त्याने हाँगकाँगच्या 'ट्रेलवॉकर'विषयी वाचले होते. १९८१ मध्ये तिथे ब्रिटिश फौजेतल्या गुरखा सैनिकांनी मॅक्लेहोज ट्रेल या १०० किलोमीटरच्या डोंगरवाटेवर सराव म्हणून ही चाल सुरू केली. १९८६ पासून साध्या नागरिकांनाही तिच्यात घेऊ लागले, ऑक्सफॅम ही संस्था जोडली गेली आणि चालणारे गरिबांसाठी पैसे जमवू लागले. पुढे ती अनेक देशांत पसरली. आपल्याकडे बंगळूरला आणि मुंबईजवळही झाली. ४८ तासांची मुदत असते आणि चौघांचा संघ असतो. मला आवडले ते चौघांचे. एकट्याने धावत सुटायचे नाही, सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने जायचे.

शंभर किलोमीटर आमच्या आवाक्यातले नव्हते. दिराने वसई तालुक्यातलीच वाट आखली. सोपारा, आगाशी, अर्नाळा, तिथून समुद्राच्या कडेने वसई किल्ला आणि मग घर. चाळीसच्या वर भरत होते.

पैसे कशासाठी, हे सांगायला हवे. आमच्या गल्लीतल्या एका रिक्षाचालकाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चारेक तास. गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस देण्याची योजना केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केली. धर्मादाय केंद्रांतही कमी पैशांत होते. लोक म्हणतात, मग अडचण काय? अडचण रस्त्याची आहे. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर खेपा. सुया काढल्यावर माणसाला गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहवत नाही, रिक्षाच करावी लागते. सोबत बायको जाते, म्हणजे तिची त्या दिवसाची धुणीभांडी बुडतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना पोहोचवले त्याच्याच घरी रिक्षाचे भाडे नाही! औषधाला मदत करणारे पुष्कळ भेटतात, भाड्याला कुणी देत नाही. आम्ही वर्षभराचे भाडे जमवायचे ठरवले.

उघड दिलेला सदका चांगलाच, पण गुपचूप दिलेला अधिक चांगला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून नाव कुठेच घेतले नाही. "मोहल्ल्यातला एक पेशंट" एवढेच सांगायचो. कुणी किलोमीटरमागे पाच रुपये कबूल केले, कुणी पन्नास. आकडा पाकिटावर लिहून घेतला.

संघात मी, दीर आणि नणंद. चौथा कोण, यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण त्या पेशंटचा सतरा वर्षांचा मुलगाच म्हणाला, मी येतो. माझ्या सासूबाईंना ते पटेना. ज्याच्या घरासाठी मागतोय त्यालाच चालवायचे? त्याच्या आईने मात्र स्पष्ट सांगितले, "आपा, त्याला नेऊ द्या. नुसता घेणारा राहिला तर तो उद्या तुमच्या दारासमोरून मान खाली घालून जाईल." त्यावर बोलायला काही उरले नाही.

इशाची नमाज झाल्यावर तळ्यापासून निघालो. आमचे हे स्कूटरवर चहाचा थर्मास, पाणी, व्हॅसलीन, पट्ट्या घेऊन मागेपुढे असणार होते.

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला आलो की जुने सोपारा लागते. आमच्याकडच्या मुलांना नालासोपारा म्हणजे लोकलची गर्दी एवढेच माहीत. हे एकेकाळचे शूर्पारक, मोठे बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये इथला बौद्ध स्तूप उकरून काढला, अशोकाच्या आदेशाचा शिलाखंडही इथे मिळाला. अरब भूगोलकार या गावाला 'सुबारा' म्हणत. मसूदी इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास या किनाऱ्यावर आला होता. चौलला दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. मी हे सांगत होते आणि मुलगा इकडेतिकडे बघत होता. "खाला, जहाज इथे कुठून येणार?" खाडी गाळाने भरली रे बाबा, म्हटले. त्याने दोनदा मागे वळून पाहिले.

आगाशीपर्यंत गप्पांत कळले नाही. वाड्यांतून गारवा येत होता, रस्त्याकडेच्या बावखळांत बेडकांचा आवाज. कुत्र्यांनी मात्र प्रत्येक गावात हद्दीपर्यंत पोहोचवले. अर्नाळ्याला एक वाजला. समोर पाण्यातला किल्ला काळाशार. त्यात दर्गाही आहे आणि देऊळही, आणि आजही लोक होडीने ये-जा करतात. किनाऱ्यावर दोन कोळी बर्फाची खोकी लावत होते. "शर्यत आहे काय?" एकाने विचारले. दिराने कारण सांगितले. तो म्हणाला, "आमच्या आळीतपण आहे एक डायलिसिसवाला," आणि कामाला लागला.

त्यापुढचा राजोडी-कळंबचा रस्ता विसरता येणार नाही. सुरूची झाडे, बंद रिसॉर्टांच्या भिंती, समुद्राचा आवाज आणि पायांना आलेले जडपण. रात्री तीन ही वाईट वेळ असते. त्या वेळी कुणी विनोद केला तरी राग येतो. कळंबजवळ नणंद खाली बसली. मोजा काढला तर टाचेला रुपयाएवढा फोड, फुटलेला. हे म्हणाले, स्कूटरवर बस, घरी सोडतो. दीर काही बोलेना, कारण "चौघे निघाले, चौघे पोहोचले" असे कबूल करून पैसे घेतले होते, आणि हिच्या टाचेवर ओझे टाकायचीही त्याला लाज वाटत होती. ठरवायचे तिने.

मुलगा तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "आपा, तुम्ही जा. आम्ही तिघे चालतो, लोकांना खरे सांगू." मग थोड्या वेळाने, "अब्बांना मशीनवर चार तास हात हलवता येत नाही. मी बाजूला बसतो तेव्हा वाटते, आपण काहीच करत नाही. आज बरे वाटतेय."

नणंदेने जखम धुतली, पट्टी लावली, बुटाची मागची बाजू दाबून चपलेसारखी केली आणि उठली. तिच्या चालीने पुढचे चार किलोमीटर आम्हाला दीड तास लागला.

भुईगावला भाजीवाल्यांची लगबग सुरू झाली होती. पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या टोपल्या टेम्पोत चढत होत्या. एका ख्रिस्ती आजींनी त्यांच्या बोलीत विचारपूस केली. अर्धे कळले, अर्धे नाही. नणंदेच्या पायाकडे बघून त्यांनी चार केळी हातावर ठेवली, पैसे घेतले नाहीत.

फज्रची अजान वाटेतच ऐकू आली. वसईत पोहोचल्यावर दीर आणि मुलगा मशिदीत गेले, आम्ही दोघींनी ओळखीच्या घरी नमाज पढली. उजाडता उजाडता किल्ल्यात शिरलो. गुजरातच्या बहादुरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. हा इतिहास तेव्हा कुणाला ऐकायचा नव्हता. पडक्या चर्चच्या भिंतीला टेकून आम्ही दहा मिनिटे झोपलो.

उरलेल्या वाटेविषयी सांगण्यासारखे फार नाही. ऊन, हॉर्न, वसई स्टेशनचा पूल. साडेदहाला आचोळ्यात आलो. सासूबाई गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यात आधी त्या मुलाचे पाय बादलीत घातले.

सोमवारी सकाळी तोच लंगडत वडिलांना घेऊन डायलिसिसला गेला. आठवड्याभरात पाकिटे आली. दोन-तीन आली नाहीत, काही कबूल केल्याहून जड निघाली. सगळे मोजून साधारण आठ महिन्यांचे भाडे होते. राहिलेल्या चार महिन्यांसाठी दीर थंडी आहे तोवर दुसरी वाट शोधतो आहे, या वेळी महामार्गाच्या पूर्वेची. नणंद म्हणते, येईन, पण आधी बूट नवे घेऊन द्या.