कडेला जोड

लोणी भापकरात गोधड्या शिवायचा हंगाम म्हणजे उन्हाळा. ज्वारी घरात आलेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात आणि रानात कुळवणीशिवाय फारसं काम नसतं. तालुका बारामतीचा, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळीकडं ऊसच असेल. पण नीरेच्या डाव्या कालव्याचं बागायत दक्षिणेला राहिलं, आमचा पट्टा जिरायती. पाऊस रुसला की टँकरची वाट बघायची. अशा दुपारी बायका सावली धरून बसतात, ट्रंका उघडतात आणि जुनी लुगडी बाहेर काढतात.

आमच्या दारासमोर आक्का राहतात. नात्यानं त्या आमच्या कुणी नाहीत. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बरोबरीनं त्या उंबऱ्यात बसायच्या, एवढीच ओळख. गावात कुणाकडं बाळंतपण असो, आधी आक्कांकडं दुपट्याचा निरोप जायचा. त्यांचे आमच्या घरावर उपकार बरेच आहेत, पण एक असा आहे की त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तो माझ्या लेकीच्या गोधडीचा.

आम्ही घरावर स्लॅबची एक खोली चढवली आणि ती लेकीला द्यायचं ठरलं. तोवर ती आजीच्या कुशीत झोपायची. स्वतःची खोली, स्वतःचा पलंग, खिडकी म्हटल्यावर तिला काय करू आणि काय नको असं झालं. बारामतीच्या दुकानात तिनं गुलाबी ब्लँकेट बघून ठेवलं होतं, त्यावर बाहुली होती. मला दुकानातलं नको होतं, गोधडी हवी होती. मग तिनं अट घातली की गोधडी चालेल, पण तिच्यावर फुलपाखरं हवीत. वहीत चित्र काढून ती समोरच्या ओट्यावर गेली.

आक्कांनी चित्र नीट पाहिलं, मान डोलावली. म्हणाल्या, ‘‘फुलपाखरू झ्याक काढलंय गं. पर तू वाढती हाईस. दोन वर्सांनी तुला हे नको वाटंल, आन् गोधडी तर वीस वर्सं टिकती. चौकट घालूया. चौकट कुठल्याबी वयाला शोभती, आन् कडेला जोड देता येतो.’’

शेवटच्या वाक्यात त्यांचा सगळा अनुभव होता. चित्राची गोधडी जेवढी शिवली तेवढीच राहते. चित्राला काठ आला की ते संपलं. चौकोनात चौकोन असलेली गोधडी मात्र बाहेरून वाढवता येते. मूल उंच झालं, अंथरूण तोकडं पडलं की चारी बाजूंनी एक पट्टी आणखी. नमुना मोडत नाही, उलट भरतो. लेकीला हे तेव्हा पटलंच असं नाही. पण आक्कांनी जमिनीवर खडूनं चौकट काढून दाखवली तशी ती एकदम म्हणाली, ‘‘ही तर आपली पुष्करणी!’’ आमच्या मल्लिकार्जुनाच्या देवळासमोर दगडी बांधणीची पुष्करणी आहे, जवळच यज्ञवराहाची मूर्ती, तिच्या अंगावर ओळीनं कोरलेल्या लहान लहान मूर्ती. गावातली पोरं त्या काठावर खेळतच मोठी होतात. पुष्करणी म्हटल्यावर फुलपाखरांचा विषय मागं पडला.

मग कापडाचा शोध सुरू झाला. आजकाल हीच मोठी अडचण आहे. आम्ही सगळ्या सिंथेटिक साड्या नेसतो. त्या घडीला घसरतात, सुईखाली सरकतात आणि घाम शोषत नाहीत. गोधडीला सुती हवं, तेही नेसून नेसून मऊ झालेलं. आत्याबाईंनी आपलं नऊवारी काढून दिलं. नऊ वारांच्या चार घड्या घातल्या की सव्वादोन वार लांबीचे चार थर होतात, म्हणजे एका माणसाचं डोक्यापासून पायापर्यंतचं पांघरूण. पन्हाही एकाच्या अंगाला पुरेल इतका. म्हणून तर चार थरांच्या गोधडीला चौघडी म्हणतात. बाईचं एक लुगडं आणि एका माणसाची गोधडी हे माप असं बरोबर जुळतं, ते मला तोवर कधी कळलं नव्हतं.

मधल्या चौकोनाला लेकीची कुंची उसवून घेतली. तिच्याभोवती माझ्या माहेरच्या सुती साडीची पट्टी, मग तिच्या वडिलांच्या सदऱ्याची, मग इरकलीची, काठासकट. रंग लेकीनं लावून बघायचे आणि आक्कांनी फक्त विचारायचं, ‘‘हे शेजारी शेजारी नांदतील का?’’ गडद पट्टीशेजारी फिकी आली की चौकट उठून दिसते, दोन गडद शेजारी आल्या की नमुना बुडतो. हे तिला सांगावं लागलं नाही, हलवाहलव करता करताच कळलं.

शिवायला बसले की आक्का आधी चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. थर ताणून बसले पाहिजेत. पहिला दोरा बाहेरच्या कडेनं, मग बोटभर अंतर सोडून आतला फेरा, असं फिरत फिरत मध्यावर यायचं. या पद्धतीत एक धोका असतो, कापडाचा फुगारा आत ढकलला जातो आणि मधोमध चुण्या पडतात. म्हणून टाका घालणारा हात एक आणि कापड निपटणारा तळहात दुसरा. तो दुसरा हात कधी थांबत नाही. दोऱ्याची गाठ थरांच्या मधे लपवायची, अंगाला टोचता कामा नये. मी आक्कांच्या डाव्या हाताकडंच बघत बसायची. कामानं खरखरीत झालेला तो तळहात सारखा बाहेरच्या दिशेनं कापड सारत असायचा.

अशाच एका दुपारी सुई चालू असताना त्या बोलल्या. लेक शाळेत गेली होती, आत्याबाई शेजारी होत्या. आक्का शहाण्या झाल्या त्या वर्षी त्यांना घरात पहिल्यांदा वेगळं अंथरूण मिळालं. गोठ्याच्या भिंतीला लागून गोणपाट, त्यावर फाटकी वाकळ. महिन्यातले ते दिवस त्याच्यावरच निजायचं. आपली रोजची गोधडी समोर दांडीवर दिसायची, पण हात लावायचा नाही. पौषातली थंडी, खाली शेणानं सारवलेली ओल. ‘‘आईनंच शिवलेली गोधडी व्हती, आन् आईच म्हणायची शिवू नगं,’’ एवढं बोलून त्यांनी दोरा तोडला. मग माझ्याकडं नाही, आत्याबाईंकडं बघून म्हणाल्या, ‘‘मजुरी मला नको. पर ही गोधडी पोरीच्या पलंगावरनं महिन्यातला एकबी दिस उचलायची न्हाई.’’

आमच्या घरात तोवर शिवाशिव पाळली जायची. मीही त्या दिवसांत कोपऱ्यात चटईवर झोपलेली बाई. लेकीच्या वेळी काय होणार ही धास्ती मनात होती, पण सासूसमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. जे मी बोलू शकत नव्हते ते आक्का गोधडी शिवता शिवता बोलून गेल्या, आणि बोलणारं माणूसही असं की ज्याचं ऐकणं आत्याबाईंना भाग होतं, कारण दोघींचं बालपण सारखंच होतं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि सुईत ओवायला दोऱ्याचं नवं रीळ घेऊन आल्या.

पुढं लेकीची वेळ आली तेव्हा मीच गडबडले होते. आत्याबाई जिना चढून वर गेल्या, पलंगावरची गोधडी झटकली, तिच्या पायावर घातली आणि खाली येऊन मला चहा टाकायला सांगितला. त्या दिवसानंतर आमच्या घरात चटई फक्त पाहुण्यांना बसायला निघते. माझ्यासाठीसुद्धा ती आता वेगळी निघत नाही.

लेक बारामतीला कॉलेजला गेली तेव्हा तिनं कुठनं तरी अमेरिकेतल्या गोधड्या शोधून काढल्या. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. चौकोनात चौकोन हा त्यांचाही आवडता नमुना, त्याला त्या ‘हाउसटॉप’ म्हणतात. 2002 मध्ये या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भरलं, 2006 मध्ये तिकडच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. सुटीत घरी आल्यावर तिनं मोबाइल आक्कांच्या डोळ्यांसमोर धरला. मिसूरी पेटवे या बाईनं 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या रानातल्या कपड्यांची शिवलेली गोधडी त्यात होती. आक्का कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या अंगावर जी असते ती मालकांच्या धोतरांची आहे. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘आता ही कोण पांघरतं?’’ लेक म्हणाली की ती संग्रहालयात जपून ठेवलीय. ‘‘तुझी तू पांघरत जा,’’ आक्का म्हणाल्या.

ती पांघरतेच. होस्टेलवर गोधडी बरोबर नेली आहे. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं धुवायला निघतात, तेव्हा तिची गोधडीही एसटीनं घरी येते, विहिरीवर आपटून धुतली जाते, बाभळीच्या काट्यांपासून जपत वाळवली जाते. दोन ठिकाणी विरली होती, तिथं आक्कांनी ठिगळ लावलं. मजुरीचं नाव काढलं की अजूनही रागावतात. मग आम्ही जुनी सुती कापडं जमतील तशी त्यांच्याकडं पोचवतो आणि जिथं दुपट्याची गरज असेल तिथं त्या ती लावतात. आमच्या देण्याची एवढीच वाट त्यांनी ठेवली आहे.

आता लेक उंच झालीय, पाय बाहेर येतात. आक्कांना मात्र बारीक दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही सुई ओवता येत नाही. ती ओवते, त्या टाके घालतात. गेल्या सुटीत तिनं स्वतः एक ओळ घातली, आक्कांनी बोटानं चाचपून पाहिली आणि टाके लांब आहेत म्हणून उसवायला लावली. तिनं परत घातली. या उन्हाळ्यात चारी कडांना जोड द्यायचा आहे, तोही तिच्याच हातानं. पट्टी कशाची घ्यायची यावर अजून एकमत नाही. आक्कांना आत्याबाईंचं उरलेलं लुगडं हवंय. लेक म्हणते, आक्कांच्याच नेसूच्या पातळाची पट्टी असल्याशिवाय ती सुई हातात घेणार नाही.